वेदनेचा वैरी : जेम्स सिम्प्सन

माझ्या ताईच्या बाळंतपणाच्या रात्री मी आणि आजी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलो होतो. कळा सुरू होऊन बारा तास उलटले होते. पाठीच्या कण्यापाशी बारीक नळी घालून औषध दिले तर वेदना कमी होतील, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आणि ताईने लगेच होकार दिला. आजीला मात्र ते रुचले नाही. तिने सहा बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हाती काढलेली. कळा सोसल्याशिवाय आई होणे ते कसले, असे तिचे म्हणणे. मी इतिहासाची विद्यार्थिनी. हा वाद जगात पहिल्यांदा कोठे झडला असेल, या कुतूहलापोटी पुढे मी ग्रंथालयात पुस्तके चाळू लागले, आणि तेथे जेम्स सिम्प्सन या माणसाशी माझी गाठ पडली.

सिम्प्सनचा जन्म 7 जून 1811 रोजी स्कॉटलंडमधील बाथगेट या लहानशा गावी झाला. बाप पाव भाजण्याचा धंदा करणारा. मुलांत जेम्स सर्वांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. घरची स्थिती बेताचीच; पण पोर हुशार आहे हे ओळखून बापाने आणि भावंडांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला चौदाव्या वर्षी एडिंबरोच्या विद्यापीठात धाडले.

त्या काळची शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष नरकयातना. रोग्याला फार तर दारू किंवा अफू पाजायची, चार धटिंगणांनी त्याला दाबून धरायचे आणि डॉक्टरने जमेल तितक्या झटपट सुरी चालवायची. एका डोंगराळ भागातून आलेल्या बाईच्या स्तनावरील शस्त्रक्रिया विद्यार्थी सिम्प्सनने पाहिली. चरित्रकार सांगतात, की ती पाहून तो इतका हादरला की वैद्यक सोडून कोर्टकचेरीत कारकुनी मिळते का, याची चौकशी करायला निघाला. पण तो परतला. वेदनेपासून पळण्याऐवजी तिचाच काही बंदोबस्त करता येईल का, हा ध्यास त्याने घेतला. मला वाटते, त्याचे खरे आयुष्य त्या परतीच्या वाटेवर सुरू झाले.

1840 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो एडिंबरोला प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, तोही अवघ्या एका मताच्या आधिक्याने. तो अविवाहित आहे हा आक्षेप पुढे येणार हे ओळखून निवडणुकीच्या काही आठवडे आधीच त्याने लग्न उरकून घेतले होते! यशासाठी धडपडणारा, काहीसा भांडखोर, असा हा गृहस्थ होता हे लपवण्यात अर्थ नाही.

16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेत बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले आणि शस्त्रक्रिया वेदनेविना पार पडली. ही वार्ता इंग्लंडात पोचताच सिम्प्सनने जानेवारी 1847 मध्ये एका अडलेल्या बाईला ईथर दिले. प्रसूतीत असा प्रयोग त्यापूर्वी कोणी केला नव्हता. पण ईथरला उग्र वास, त्याने ठसका लागे, ते पुष्कळ लागे आणि दिव्याजवळ पेट घेण्याचे भयही असे. म्हणून सिम्प्सन दुसरे द्रव्य शोधू लागला. त्याची पद्धत अजब होती. संध्याकाळचे जेवण झाले, की तो आणि त्याचे दोघे सहकारी, कीथ आणि डंकन, निरनिराळी द्रव्ये स्वतःच हुंगून पाहत. वॉल्डी नावाच्या रसायनज्ञाने त्याला क्लोरोफॉर्म सुचवले होते. (हाच वॉल्डी पुढे कलकत्त्यास येऊन स्थायिक झाला.) 4 नोव्हेंबर 1847 च्या रात्री तिघांनी ते हुंगले. आधी गप्पांना रंग चढला आणि मग तिघेही जमिनीवर आडवे! शुद्धीवर येताच सिम्प्सनने ओळखले, की हवे ते सापडले. काही दिवसांतच त्याने ते एका बाळंतिणीला दिले.

आणि मग वाद पेटला. स्त्रीने दुःखाने मुलांना जन्म द्यावा असे बायबलात लिहिले आहे, हा एक आक्षेप. सिम्प्सन बायबलाचा जाणकार. त्याने उत्तर दिले, की त्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ कष्ट असा आहे. शिवाय आदमची फासळी काढताना देवानेच त्याला आधी गाढ झोप आणली होती. पण पाद्र्यांपेक्षा अधिक विरोध डॉक्टरांचाच होता. फिलाडेल्फियाच्या मेग्ज या नामांकित प्राध्यापकाच्या मते कळा या निसर्गाचा भाग होत्या आणि त्यांवरून प्रसूतीची प्रगती समजे. हे वाचताना मला व्हरांड्यातली आजी आठवली. फरक इतकाच, की आजीने त्या कळा स्वतः सोसल्या होत्या. या विद्वानांनी नव्हे.

अखेर 7 एप्रिल 1853 रोजी राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतले. ते दिले जॉन स्नो या डॉक्टरने. त्यानंतर बोलणाऱ्यांची तोंडे बरीचशी बंद झाली.

पण गोष्ट इथे संपवली तर तो अर्धसत्याचा गौरव होईल. 28 जानेवारी 1848 रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिले असता काही क्षणांत दगावली. सिम्प्सनने दोष क्लोरोफॉर्मला दिला नाही. शुद्धीवर आणण्यासाठी तिच्या तोंडात ओतलेल्या पाण्याने व ब्रँडीने ती गुदमरली, असे त्याचे म्हणणे. तो रुमालावर ओतून, अंदाजाने औषध देई. स्नो मात्र मात्रा मोजत होता. पुढे लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीलाही सिम्प्सनने विरोध केला. वेदनेबाबत जगाला शहाणे करणारा माणूस स्वतःच्या आवडत्या शोधाबाबत आंधळा होऊ शकतो!

हा वाद आपल्या दारापर्यंतही आला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1888 आणि 1889 साली निजामाच्या खर्चाने हैदराबादेत डॉ. लॉरी यांच्या पुढाकाराने दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की नाडीकडे नव्हे, श्वासाकडे लक्ष ठेवावे. तो अपुरा होता. क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते, हे 1911 साली लेव्हीने दाखवून दिले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि क्लोरोफॉर्म मागे पडले.

6 मे 1870 रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सिम्प्सन वारला. त्याला सरदारकीचा किताब मिळालेला होता. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा मान देऊ केला असता घरच्यांनी तो नाकारला आणि एडिंबरोतच त्याला मूठमाती दिली. अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीत त्याने ज्यांच्या कळा हलक्या केल्या अशा किती जणी असतील!

ही सारी गोष्ट मी आजीला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, की त्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या घरच्यांना त्या डॉक्टराने काय सांगितले? मला उत्तर देता आले नाही. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, की तिच्या तिसऱ्या खेपेला ती दोन दिवस अडली होती आणि मूल राहिले नाही. हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. वेदना सोसली की ती विसरते, असे आपण म्हणतो. पण ती विसरत नाही, नुसती बोलायची राहते.

ताईची मुलगी आता रांगू लागली आहे. तिच्या जन्माची गोष्ट सांगताना ताईला आवाज खाली करावा लागत नाही. मला वाटते, बाथगेटच्या त्या पाववाल्याच्या पोराने जगाला दिले ते हेच.