जुन्या गाडीचा शॉकअप बदलताना ज्याचं नाव येतं, तो मॅकफर्सन नेमका होता कोण?

जालना रोडवरून जाताना जुनी मारुती प्रत्येक स्पीड ब्रेकरवर खाडखाड वाजायला लागली, की मेकॅनिक पुढचा मडगार्ड दाबून सोडतो. गाडी वर येऊन गप्प बसली तर ठीक. दोन-तीन वेळा डुलत राहिली, की शॉकअप गेला म्हणून समजायचं. दुकानात नवीन पार्ट मागितला की बॉक्सवर नाव दिसतं, मॅकफर्सन स्ट्रट.

बऱ्याच जणांना ती कंपनी वाटते. पण ते एका माणसाचं नाव आहे.

अर्ल मॅकफर्सनचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. तिथल्याच विद्यापीठातून १९१५ साली इंजिनिअर झाला आणि डेट्रॉइट गाठलं. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांवर काम केलं, मग दोन-तीन मोटार कंपन्या फिरला. १९३४ साली जनरल मोटर्समध्ये आला आणि पुढे शेव्हरलेच्या डिझाईनचा प्रमुख झाला.

खरी गोष्ट सुरू होते १९४५ मध्ये. युद्ध संपत आलेलं, कंपनीला वाटलं आता लोकांना छोटी, स्वस्त गाडी लागेल. किंमत हजार डॉलरच्या आत हवी. काम मॅकफर्सनकडे आलं. गाडीचं नाव ठरलं कॅडेट.

आता स्वस्त गाडी म्हटलं की कुणीही काटकसर करेल. या गड्याने मात्र चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचं ठरवलं. तोवर पुढच्या चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा असा पसारा असायचा. त्याने वरचा आर्मच काढून टाकला. शॉकअपची नळी जाड केली, त्याच्याभोवती स्प्रिंग गुंडाळली आणि चाकाला आधार द्यायचं कामही त्याच खांबाला दिलं. पार्ट कमी, जागा कमी, वजन कमी. असे उभे खांब आधीही कुणीकुणी सुचवले होते, पण कारखान्यात हजारोंनी बनवता येईल असं रूप त्याने दिलं.

आणि १९४७ साली कंपनीने कॅडेट रद्द केली. मोठ्या गाड्याच हातोहात खपत होत्या, छोटीत नफा दिसेना. दोन वर्षांची मेहनत बासनात गेली. त्याच वर्षी मॅकफर्सनने थेट फोर्डची वाट धरली.

फोर्डने १९५० मध्ये इंग्लंडमध्ये कॉन्सुल आणि झेफर गाड्या आणल्या, त्यांना पुढे हेच स्ट्रट होते. १९५२ मध्ये तो फोर्डचा मुख्य इंजिनिअर झाला, १९५८ ला निवृत्त झाला आणि १९६० साली वारला. इंजिन आडवं बसवलेल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांची लाट त्यानंतर आली, आणि तिथे स्ट्रटने वाचवलेली जागा सोन्यासारखी ठरली. खुद्द जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या छोट्या गाड्यांना स्ट्रट लावले ते १९८० च्या सुमारास!

आपल्याकडे डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, तिच्या पुढच्या चाकांना हेच स्ट्रट. २००१ पासून संभाजीनगरच्या शेंद्र्यात स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली, तिलाही हेच.

आता घरी बदलायचा असेल तर वरवर काम सोपं दिसतं. गाडी स्टँडवर घ्यायची (नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही), चाक काढायचं, ब्रेकचा पाईप मोकळा करायचा, खालचे दोन बोल्ट आणि बॉनेटखालचे नट सोडले की खांब हातात. पण मॅकफर्सनने स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र केल्यामुळे धोकाही तिथेच बसला आहे. ती स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खांबात दाबून अडकवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता मधला नट सोडला, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. हात मोडतो, जबडाही. कॉम्प्रेसर नसेल तर सुटा खांब गॅरेजवर नेऊन तेवढंच काम करून घेतलेलं बरं.

बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, आणि वरचं रबर व बेअरिंगही त्याच वेळी. वरचा आर्म नसल्यामुळे चाकाचा कोन हा खांबच धरून ठेवतो. म्हणून खालचे बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करायची, आणि बसवून झाल्यावर पहिली फेरी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत. नाहीतर नवे टायर काही महिन्यांत एका बाजूने घासून जातात.