उदगीर जिंकणारे सदाशिवरावभाऊ आणि त्यांच्या नावाने किल्ले घेणारा ‘फेक’ भाऊ

लातूर जिल्ह्यातला उदगीरचा किल्ला बघायला नांदेडकडूनही बरीच मंडळी येतात. फोटो निघतात, रील पडतात. याच उदगीर-औसा भागात 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला गुडघे टेकायला लावले. वर्षभरात पानिपत झालं आणि भाऊ गेले. पण 1776 मध्ये तेच भाऊसाहेब कोकणात एकामागून एक किल्ले ताब्यात घेत होते.

अर्थात, ते भाऊसाहेब नव्हतेच. पण हजारो लोकांना ते पटलं कसं?

त्यासाठी आधी खरे भाऊ कोण ते बघायला हवं. जन्म 1730 चा. चिमाजी अप्पांचा हा मुलगा, म्हणजे थोरल्या बाजीरावांचा पुतण्या. आई रखमाबाई बाळंतपणानंतर लगेचच वारल्या आणि भाऊ दहा वर्षांचे असताना वडीलही गेले. आजी राधाबाईंनी सांभाळलं. पुढे चुलतभाऊ नानासाहेब पेशवे झाले आणि भाऊ त्यांचा उजवा हात. हिशेबाला कडक, स्वभावाने तापट, कामाला वाघ. अशा माणसाला शत्रू घरातच तयार होतात.

1759 मध्ये मुजफ्फरखान गारद्याने भाऊंना मारायचा कट केला. मारेकऱ्याने पुण्यात कट्यारीचा वार केला, पण भाऊ वाचले. पाठीवर व्रण तेवढा राहिला. हा व्रण लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

त्याच वर्षी अहमदनगरचा किल्ला मराठ्यांना मिळाला, तोही न लढता. निजामाच्या किल्लेदाराला, कवी जंगला, फोडलं आणि आतूनच दार उघडलं. त्यावरून निजामाशी युद्ध पेटलं. उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी निजामाच्या सैन्याची दाणादाण उडवली. हा इब्राहिमखान आधी निजामाकडेच नोकरीला होता. तहात दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर आणि सुमारे 60 लाखांचा मुलूख मिळाला. या विजयामुळेच उत्तरेतल्या अब्दालीच्या मोहिमेवर भाऊंचं नाव पक्कं झालं. मराठवाड्याच्या मातीतूनच ते पानिपताकडे निघाले.

14 जानेवारी 1761. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. नंतर एक धड सापडलं, शिर नसलेलं. आता हे कोणाचं, हे ठरवायचं कसं?

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने ही ओळख कशी पटवली ते लिहून ठेवलंय. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर कट्यारीचा तोच व्रण. तळपायावर ज्योतिषी शुभ मानतात तशी रेषा. आणि गुडघ्यांवर, हातांवर घट्टे, कारण भाऊ रोज 1200 नमस्कार घालायचे म्हणे. काळा डाग हजारोंना असतो, व्रण तर रणांगणावर प्रत्येकाला. पण या चारही खुणा एकाच अंगावर असणारा दुसरा कोण असणार? शिरही नंतर मिळालं आणि अग्निसंस्कार झाले.

म्हणजे ओळख पक्की होती. अडचण एवढीच की ती पानिपतावर पटली होती, पुण्यात नाही. पुण्याला भाऊ जिवंत हवे होते. पत्नी पार्वतीबाईंनी ते गेले हे कधीच मान्य केलं नाही.

या आशेच्या फटीतून एक माणूस आत आला. सुखलाल नावाचा उत्तरेतला कनोजी ब्राह्मण स्वतःला भाऊसाहेब म्हणवू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, बनाव उघडा पडला, रवानगी कैदेत. अनेक वर्षांनी तो रत्नागिरीला असताना तिथला सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला मोकळं करून भाऊसाहेब म्हणून उभं केलं. कुलूप फोडावं लागलंच नाही, किल्लीवालाच फितूर झाला. अहमदनगरच्या किल्ल्यासारखंच.

वेळही साधली होती. गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव, कारभार नाना फडणवीस आणि सखारामबापूंच्या हाती, रघुनाथराव इंग्रजांच्या आसऱ्याला. खमका भाऊ परत आलाय म्हटल्यावर सुमारे 20,000 माणसं त्याच्याभोवती जमली. कोकणातले किल्ले मिळू लागले.

किल्ल्यावर काय तपासलं गेलं असेल? नाव ओळखीचं, चेहरा साधारण तसाच, मागे ही गर्दी. आज फेसबुकवर काय तपासतो आपण? नाव, डीपी आणि म्युच्युअल फ्रेंड. मित्राचा फोटो चोरून अकाउंट उघडणारा आणि ‘अर्जंट पाच हजार पाठव’ म्हणणारा वेगळं काही करत नाही.

पण किल्लेदाराचीही बाजू आहे. दारात येणाऱ्या प्रत्येकाचे घट्टे आणि व्रण तपासत बसलं तर गवताची गाडीसुद्धा आत यायची नाही. म्हणून दारादारात फरक करावा लागतो. गाण्यांच्या ॲपला साधा पासवर्ड चालेल. ईमेलला नाही, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. ईमेलला आणि बँकेला टू-स्टेप व्हेरिफिकेशन हवंच. व्हॉट्सॲपवर सहा आकडी पिन लावला की नुसता ओटीपी चोरून अकाउंट पळवता येत नाही. मधूनमधून तो पिन विचारतं, कंटाळा येतो. पण तो सोसण्यासारखा आहे.

अंगठ्याचं गणित जास्त अवघड आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करायची सोय त्यासाठीच आहे. मग तुमच्या ठशाची नक्कल कोणी वापरली तरी पैसे निघत नाहीत. पण खेड्यातली आजी ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून निराधारचे पैसे काढते. लॉक असेल तर तिचा स्वतःचा अंगठाही मशीन घेत नाही. अनलॉक करायला फोन नातवाकडे, नातू शिकायला लातूरला. अशा घरात ‘लॉक करा आणि विसरा’ हा सल्ला कामाचा नाही. नातवाशी फोनवर बोलून पैसे काढायच्या दिवशीच लॉक उघडायचं, एवढी शिस्त जमली तर उत्तम. आणि पैसे गेलेच, तर 1930 वर लगेच फोन करायचा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

तोतयाच्या बाबतीत पुण्याने उशीर केला, पण मग कसर ठेवली नाही. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे फौज घेऊन कोकणात उतरले. जमाव फुटला. पळालेला तोतया रघुजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली, सोंग सिद्ध झालं आणि 1776 च्या डिसेंबरात त्याला देहदंड मिळाला. या प्रकरणावर न. चिं. केळकरांनी पुढे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

पार्वतीबाई मात्र भाऊ येतील म्हणून सौभाग्याची लेणी लेऊनच राहिल्या. 1783 मध्ये त्या गेल्या. भाऊसाहेबांचे उत्तरविधी पुण्यात त्यांच्यासोबतच झाले, पानिपतानंतर 22 वर्षांनी.