फ्रान्सच्या आकाशात लढलेले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर आणि त्यांच्या विमानाचं इंजिन

लाखनीच्या महामार्गावर उन्हाळ्यात एखादा ट्रक बॉनेट उघडून उभा दिसतो. रेडिएटर उकळलेला, ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन शेजारी. हेच हजारो फुटांवर, शत्रू मागे लागलेला असताना झालं तर?

पहिल्या महायुद्धात श्रीकृष्ण वेलिणकर अशाच पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या भरवशावर लढत होते. १८९४ साली मुंबईत जन्मलेले वेलिणकर केंब्रिजला शिकायला गेले आणि १९१७ मध्ये ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. भारतीयाला अधिकारी म्हणून घेणं तेव्हा अपवादच होता. त्या युद्धात लढाऊ पायलट झालेले भारतीय म्हणून चारच नावं घेतली जातात: वेलिणकर, इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि सेन.

मलिक यांच्या सॉपविथ कॅमल विमानात रोटरी इंजिन होतं. त्यात पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं आणि वाऱ्याने थंड व्हायचं. वेलिणकरांच्या २३ व्या स्क्वाड्रनकडे मात्र सॉपविथ डॉल्फिन आलं. त्यात २०० अश्वशक्तीचं हिस्पानो-सुइझा होतं. स्विस इंजिनिअर मार्क बिर्किग्ट यांनी बनवलेल्या या इंजिनाचे आठ सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन रांगांत बसवलेले असत. त्यांच्याभोवती पाणी खेळायचं, तापायचं आणि विमानाच्या दोन्ही कुशींवरच्या रेडिएटरमध्ये निवायचं. ताकद भरपूर, उंचावरही दम टिकून.

पण दुखणी होतीच. रेडिएटरला गोळी लागली की पाणी गळणार आणि इंजिन तापणार. शिवाय पंख्याचा वेग कमी करणारे गिअर अनेकदा कच्चे निघायचे, तुटायचे. त्यात डॉल्फिनमध्ये पायलटचं डोकं वरच्या पंखाच्याही वर! नजर चौफेर फिरायची हे खरं, पण विमान उलटलं की आधी डोकंच जमिनीला लागणार.

२७ जून १९१८ ला गस्तीवर गेलेले वेलिणकर परतलेच नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला त्यांनी प्राण सोडले. वय अवघं २३.

तीन आठवड्यांनी, २२ जुलैला, इंद्रलाल रॉयही पडले. त्यांचं एसई-५ए सुद्धा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचंच. रॉय यांच्यावर पुढे टपाल तिकीट निघालं, ते योग्यच. वेलिणकरांचं नाव मात्र मुंबईतही फारसं कुणाला माहीत नाही. फ्रान्समधल्या हँगार्ड गावच्या युद्ध दफनभूमीत त्यांची कबर आहे.