महर्षींच्या हातचं ओझं

आमच्या सौंदडला बचत गटात बायका जमल्या, की बाजारहाटाचा विषय निघतोच. किराणा, गिरणी, दवाखाना, सगळ्या खेपा बाईच्याच! तेव्हा मी धोंडो केशव कर्व्यांचं सांगते. जन्म १८५८चा. १८९३मध्ये त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९००मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. कॉलेज झालं, की आश्रमाचं सामान घेऊन, पावसाळ्यात चिखल तुडवत, पायी हिंगणं गाठायचे. पुढे १९१६मध्ये महिला विद्यापीठ काढलं, १९५८मध्ये भारतरत्न झाले, १९६२मध्ये गेले. विद्यापीठ सगळ्यांना ठाऊक असतं, ते ओझं कुणी सांगत नाही. मैत्रिणींनो, उद्या मुलाच्या हाती पिशवी द्या. त्यात कमीपणा कसला?