ॲलिसचा ताप

मेसच्या चहावर आपण किती जोक मारतो! पण एक मानायला हवं, मेसमध्ये दूध उकळल्याशिवाय वापरत नाहीत. घरी आईसुद्धा पिशवी आणली की आधी पातेलं गॅसवर ठेवते. का, असं विचारलं तर आपण दहावीत घोकलेलं पाश्चरचं नाव सांगून मोकळे होतो. पण कच्च्या दुधाचा धोका लोकांच्या गळी उतरवणारी एक बाई होती, ती आपल्या पुस्तकात नव्हती. तिचं नाव ॲलिस इव्हान्स.

ॲलिसचा जन्म २९ जानेवारी १८८१ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या नीथ या गावी. घर शेतकऱ्याचं. कॉलेजला पैसे नव्हते म्हणून तिने चार वर्षं शाळेत शिकवलं. मग कॉर्नेल विद्यापीठात खेड्यातल्या शिक्षकांसाठी फी नसलेला एक कोर्स होता, तो करायला गेली आणि सायन्सच्या प्रेमातच पडली! १९०९ मध्ये बॅक्टेरिऑलॉजीची डिग्री, १९१० मध्ये विस्कॉन्सिनमधून मास्टर्स. पीएच.डी. केलीच नाही. सरकारच्या डेअरी विभागात नोकरी धरली.

काम होतं ताज्या दुधातले जंतू तपासायचं. तेव्हा समज असा की गाय धडधाकट आणि गोठा स्वच्छ असला की दूध कच्चं प्यायला हरकत नाही. गायींचा गर्भपात घडवणारा एक जंतू डेन्मार्कच्या बँग यांनी १८९७ मध्ये शोधला होता, पण तो माणसाला काही करत नाही असं सगळे धरून चालले होते. दुसरीकडे माल्टा बेटावर सैनिकांना येणाऱ्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्येच सापडला होता. तो शेळीच्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये कळलं. हे दोन जंतू कोणी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. ॲलिसने पाहिले. दोघं जवळजवळ सारखेच निघाले! म्हणजे वरून ठणठणीत दिसणाऱ्या गायीच्या दुधातूनही माणसाला ताप येऊ शकतो.

१९१७ मध्ये तिने हे शास्त्रज्ञांसमोर मांडलं, १९१८ मध्ये पेपर छापला. कोणाला पटेना. एवढी मोठी गोष्ट असती तर आधीच कोणाच्या लक्षात आली नसती का, असा सूर होता. थिओबाल्ड स्मिथसारख्या नामवंत शास्त्रज्ञानेही शंका घेतली. त्यात ही बाई, पीएच.डी. नसलेली!

१९२२ मध्ये या जंतूने लॅबमध्ये तिलाच गाठलं. ताप चढायचा, उतरायचा, बरं वाटतंय म्हणेपर्यंत परत यायचा. डॉक्टरांना निदान होईना. हा मनाचा आजार आहे असं ठरवलं गेलं. ज्या रोगाबद्दल ती ओरडून सांगत होती, तोच तिला झाला आणि तरी कोणी मानेना! हे दुखणं पुढे सुमारे २३ वर्षं अधूनमधून डोकं वर काढत राहिलं.

पण काम थांबलं नाही. हळूहळू इतर लॅबमधूनही तेच रिझल्ट आले. या जंतूंना ब्रूस यांच्यावरून ब्रुसेला नाव मिळालं. १९२८ मध्ये अमेरिकन बॅक्टेरिऑलॉजिस्टांच्या संस्थेची ॲलिस पहिली स्त्री अध्यक्ष झाली. १९३० नंतरच्या दशकात तिथल्या डेअरी उद्योगाने पाश्चरायझेशन स्वीकारलं. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, बस्स, एवढ्यात ब्रुसेला संपतो. ५ सप्टेंबर १९७५ रोजी, ९४ व्या वर्षी ॲलिस गेली.

आपल्याकडे ब्रुसेलोसिस आजही आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्याविरुद्ध वासरांच्या लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचा ताप मलेरिया, टायफॉइडसारखाच वाटतो, म्हणून पटकन ओळखू येत नाही. तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर कोणी कौतुकाने धारोष्ण दुधाचा पेला पुढे केला, तर नाही म्हणू नका. फक्त एक उकळी आणून द्यायला सांगा. आणि कोणी हसलंच, तर ॲलिसची गोष्ट सांगा!