एल्मर कीथ

एल्मर मेरिफिल्ड कीथ (८ मार्च, इ.स. १८९९ - १४ फेब्रुवारी, इ.स. १९८४) हे अमेरिकन पशुपालक, शिकारी-मार्गदर्शक आणि शस्त्रविषयक लेखक होते. रिव्हॉल्व्हरची वापरलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याच्या पद्धतीवर आणि .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम व .४१ मॅग्नम या काडतुसांच्या निर्मितीवर त्यांच्या प्रयोगांचा मोठा प्रभाव पडला.

प्रारंभिक जीवन

कीथ यांचा जन्म मिसूरी राज्यातील हार्डिन येथे झाला. बालपणी त्यांचे कुटुंब मोंटाना राज्यात स्थलांतरित झाले. तेथे मिझूला शहरात लागलेल्या आगीत ते गंभीररीत्या भाजले आणि त्यांचा डावा हात आखडून वाकडा झाला. या व्यंगावर मात करून त्यांनी नेमबाजीत प्रावीण्य मिळवले. इ.स. १९२६ मध्ये लॉरेन रँडल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आयडाहो राज्यात पशुपालन आणि शिकाऱ्यांना डोंगराळ प्रदेशात वाट दाखवणे हा त्यांचा व्यवसाय होता. पुढे सॅमन हे गाव त्यांचे कायमचे निवासस्थान झाले.

काडतुसांवरील प्रयोग

काडतुसाचे पितळी कवच एका वापरानंतर निकामी होत नाही. साच्यात दाबून ते मूळ आकारात आणायचे, जळालेला प्रायमर काढून नवा बसवायचा, मोजून दारू भरायची आणि शेवटी शिशाची गोळी बसवून कवचाची कड तिच्यावर आवळायची, असा हा क्रम असतो. कारखान्यातील काडतुसे महाग पडत आणि दुर्गम भागात सहज मिळत नसत. त्यामुळे पश्चिम अमेरिकेतील अनेकांप्रमाणे कीथही हाताच्या साध्या अवजारांनी काडतुसे भरत.

इ.स. १९२५ मध्ये जड गोळी आणि भरपूर दारू घातलेले काडतूस उडवताना त्यांचे .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर फुटले. .४५ कोल्टच्या सिलिंडरमधील कोठ्यांच्या भिंती पातळ असतात. तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये .४४ स्पेशलच्या काडतुसाभोवती अधिक पोलाद शिल्लक राहते, हे लक्षात घेऊन कीथ यांनी पुढील प्रयोग प्रामुख्याने .४४ स्पेशलवर केले.

इ.स. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लायमन कंपनीच्या साच्यासाठी सुमारे २५० ग्रेन वजनाच्या गोळीचा आराखडा तयार केला. तिचे टोक सपाट व रुंद असून खांद्याची कड धारदार होती. वंगणासाठी खोल खाच आणि कवचाची कड आवळण्यासाठी स्वतंत्र खाच तिला होती. या दुसऱ्या खाचेमुळे प्रत्येक गोळी एकाच खोलीवर बसवणे सोपे झाले. गोळी प्रमाणापेक्षा खोल बसल्यास कवचातील जागा कमी होऊन दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. त्यामुळे घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची ठरली. लायमन ४२९४२१ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा साचा त्यांच्या मृत्यूनंतरही प्रचारात राहिला.

मॅग्नम काडतुसे

स्मिथ अँड वेसन कंपनीने इ.स. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याच्या विकासात डग्लस वेसन आणि फिलिप शार्प यांच्यासह कीथ यांच्या प्रयोगांचाही वाटा होता. .४४ स्पेशलचे अधिक शक्तिशाली रूप कारखान्यात तयार व्हावे, यासाठी कीथ यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी .४४ मॅग्नम विकसित केले. हे काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये म्हणून त्याचे कवच सुमारे १/८ इंच लांब ठेवण्यात आले. घरगुती प्रयोगांत वापरणाऱ्याच्या दक्षतेवर सोडलेली सुरक्षितता अशा रीतीने काडतुसाच्या रचनेतच समाविष्ट झाली. इ.स. १९६४ मध्ये आलेल्या .४१ मॅग्नमच्या पुरस्कर्त्यांमध्येही बिल जॉर्डन आणि स्कीटर स्केल्टन यांच्यासमवेत कीथ होते.

लेखन आणि वाद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कीथ यांनी युटा राज्यातील ऑग्डेन शस्त्रागारात शस्त्र-निरीक्षक म्हणून काम केले. 'अमेरिकन रायफलमन' आणि 'गन्स अँड ॲमो' या नियतकालिकांतून त्यांनी विपुल लेखन केले. 'सिक्सगन्स' (इ.स. १९५५) हा त्यांचा ग्रंथ आणि 'हेल, आय वॉज देअर!' (इ.स. १९७९) हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. मोठ्या शिकारीसाठी जड व रुंद गोळीच हवी, असे त्यांचे मत होते. हलक्या व वेगवान गोळ्यांचे समर्थक जॅक ओ'कॉनर यांच्याशी त्यांचा हा वाद दीर्घकाळ चालला. रिव्हॉल्व्हरने सुमारे ६०० यार्डांवरील जखमी हरीण टिपल्याच्या त्यांच्या वृत्तांतावर अनेकांनी शंका घेतली.

अखेरचा काळ

इ.स. १९७३ मध्ये 'आउटस्टँडिंग अमेरिकन हँडगनर' या पुरस्काराचे ते पहिले मानकरी ठरले. इ.स. १९८१ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. इ.स. १९८४ मध्ये आयडाहोतील बॉइसी येथे त्यांचे निधन झाले.