चिंचोक्यांचे गणित

घरातल्या चिमुरड्याने पाहुण्यांसमोर एक ते शंभर घडाघडा म्हटले की घर हरखून जाते. पण त्याच मुलाला पाच चिंचोके आणायला सांगून पाहावे. पुष्कळदा तो मूठभर आणून ओततो. म्हणणे आणि मोजणे यांत अंतर असते. ते ओळखून ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाला आयुष्य वाहिले.

१८९२ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. पुढे संसार विसकटला, पण त्या खचल्या नाहीत. राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या आणि तीही मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे आल्या. तिथे माँटेसोरी पद्धत त्यांच्या हाती लागली. या पद्धतीत अंक डोळ्यांआधी हाताला भेटतो. दहा लाकडी दांडे, सर्वांत आखूड दहा सेंटिमीटरचा, सर्वांत लांब एक मीटरचा. दहाचा दांडा उचलताना मुलाचे दोन्ही हात फाकतात, म्हणजे दहा ही संख्या किती मोठी हे त्याला न सांगता कळते. शून्यासाठी एक कप्पा रिकामाच ठेवलेला असतो.

ही साधने महाग होती. गरिबांच्या मुलांनी मग मोजायचे कशावर? १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ होत्या. तिथे खडे, शिंपले, बिया आणि पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

त्याच परिसरात, त्याच १९४५ साली, वारली वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणीच्या रास्त मजुरीसाठी उठले होते. ज्याला हिशेब येत नाही, त्याच्या घामाचे मोल दुसराच ठरवतो. मी बँकेत असताना अंगठा उठवणारी माणसे काउंटरवर पाहिली आहेत. हातातल्या नोटा ती अचूक मोजत. पासबुकातला आकडा मात्र दुसऱ्याकडून वाचून घेत आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवत. हाताला येणारी मोजणी कागदापर्यंत पोचवणारे त्यांना लहानपणी कोणी भेटले नव्हते. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई नेमके तेच काम करीत होत्या.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज ते नाव देशभर गावोगाव आहे. मुलाला पाढ्यांच्या क्लासला घालण्याची घाई झालेल्या आईबापांनी, आधी ओंजळभर चिंचोके त्याच्यापुढे ठेवावेत आणि त्याला सावकाश मोजू द्यावे.